लिंबावरची अळिंबी आणि तिचा काढा

अहमदपूरजवळच्या एका दादांनी विचारलं आहे: शेतात गोठ्याला लागून असलेल्या जुन्या लिंबाच्या, म्हणजे कडुनिंबाच्या, बुडाशी या पावसाळ्यात तांबूस, वार्निश मारल्यासारखी चकचकीत अळिंबी उगवली आहे. मोबाइलमधल्या ॲपने ती रेशी, म्हणजे गॅनोडर्मा, असल्याचं सांगितलं. वडील ६४ वर्षांचे आहेत. शुगर आहे, बीपी आहे, आणि दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. रेशीच्या चहाने शुगर उतरते असं ऐकलं, तर तो चहा घरी कसा करायचा आणि किती द्यायचा? बाजारातल्या कॉर्डिसेप्स, लायन्स मेन वगैरेंचा चहाही तसाच करतात का?

दादा, आधी वडिलांचं सांगते. त्यांना हा काढा देऊ नका. झाडावरची नको आणि दुकानातून आणलेलीही नको. अँजिओप्लास्टीनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या चालू असतात, बहुधा ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला आणखी एक. रेशीतली काही द्रव्यंही रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचा वेग कमी करतात. दोन्ही एकत्र गेली तर हिरड्यांतून, नाकातून, आतड्यातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांवर रेशीचा भार पडला तर चक्कर येणं, घाम फुटणं, शुगर एकदम खाली जाणं असं होऊ शकतं. आपल्याकडे म्हातारी माणसं घाम आला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर ऊन लागलं म्हणून सावलीत पडून राहतात आणि वेळ निघून जाते. मला भीती त्याची आहे.

शुगर उतरते हे ऐकलेलं कितपत खरं? प्रयोगशाळेत उंदरांवर तसं दिसलं आहे. माणसांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पाच चाचण्या आणि ३९८ माणसं होती. टाइप २ मधुमेहात हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी रेशी वापरावी याला पुरावा आधार देत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. माझ्या २३ वर्षांच्या वैद्यकीत मलाही कुणाची शुगर नुसत्या रेशीने आटोक्यात आलेली दिसली नाही. शुगर उतरली म्हणून जे सांगायला आले, त्यांनी त्याच काळात साखरेचा चहा सोडलेला होता. चहाच्या जागी कडू काढा आला, दिवसाची चार-पाच चमचे साखर कमी झाली, त्याचा गुण आला.

आता तुमच्या झाडावर आलेल्या अळिंबीकडे वळते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती गॅनोडर्मा कुळातली असण्याची शक्यता मोठी आहे. लिंब, बाभूळ, गुलमोहर यांच्या बुडाशी मृगाच्या पावसानंतर ती आपल्याकडे दिसते. खालची बाजू पाहा. तिथे छत्रीसारख्या पापुद्र्यांच्या ओळी नसतात. सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. ताजी असताना ती बाजू पांढरट असते आणि नखाने ओरखडा काढला की तपकिरी पडते. वर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ बसलेली असेल तर ते तिचे बीजाणू. पण एवढ्यावरून कुळ कळतं, जात कळत नाही. गॅनोडर्माच्या पुष्कळ जाती आहेत आणि त्या एकमेकींसारख्या दिसतात. चीनमध्ये शेकडो वर्षं औषधात वापरली जाणारी अळिंबी आणि इंग्लंडमधल्या नमुन्यावरून जिला गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव पडलं ती, या दोन वेगळ्या जाती आहेत असं संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. तज्ज्ञांचा घोळ जिथे इतकी वर्षं चालला, तिथे मोबाइलच्या एका फोटोवर घरातल्या माणसाचा जीव टांगू नये.

जात ओळखायचीच असेल तर एक अळिंबी मुळाशी थोडं लाकूड ठेवून काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. कॅरीबॅगमध्ये नेऊ नका. वाटेतच घाम धरून ती कुजते आणि ओळखण्यासारखं काही उरत नाही.

जात बरोबर निघाली तरी ती प्यायची का? माझं उत्तर नाही असंच आहे. अळिंबी ज्यावर वाढते त्यातलं बरं-वाईट दोन्ही ओढून घेते. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असले जड धातू तिच्यात साठतात. तुमचा लिंब शेतात आहे. आजूबाजूला सोयाबीन किंवा कापूस असेल, फवारे होत असतील, गोठ्यात गोचिडांचं औषध मारलं जात असेल. त्याच बुडाशी उगवलेली वस्तू दोन तास उकळून तिचा अर्क काढायचा म्हणजे तिच्यातलं जे पाण्यात उतरतं ते सगळं कपात घ्यायचं.

इथे एक गैरसमज मला काढून टाकायचा आहे, कारण तो जीवघेणा आहे. पुष्कळांना वाटतं की चांगलं खळखळ उकळलं की विष मरतं. अळिंबीतलं सगळ्यात घातक विष, अमॅटॉक्सिन, उकळून नष्ट होत नाही. वाळवूनही जात नाही. ते पोटात गेल्यावर सहा ते चोवीस तास काहीच कळत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. काही वर्षांपूर्वी श्रावणात एक नवरा-बायको माझ्याकडे आले होते. घरामागच्या गवतात आलेल्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांची भाजी खाऊन दोन तासांत उलट्या सुरू झालेल्या. त्या छत्रीचे खालचे पापुद्रे हिरवट होते. मी त्यांना काढा-चूर्ण काही न देता तडक सरकारी दवाखान्यात पाठवलं. सलाईन लागलं, तीन दिवसांत दोघं घरी आली. त्यांचं विष लवकर त्रास देणारं होतं म्हणून निभावलं. उशिरा त्रास देणारं असतं तर ती दोघं मला भेटलीच नसती. गावात कुणाला असं झालं तर उरलेली भाजी किंवा देठाचा तुकडा फेकू नका, दवाखान्यात बरोबर न्या.

आता जे निरोगी आहेत, ज्यांना गोळ्या चालू नाहीत आणि लागवड केलेली, खात्रीची रेशी ज्यांनी आणली आहे, त्यांच्यासाठी रीत सांगते. तुम्हालाही ती कळलेली बरी, म्हणजे दुसरं कुणी चुकीचं सांगेल तेव्हा ओळखता येईल.

याला सगळे चहा म्हणतात, आणि चूक तिथेच होते. चहा दोन-तीन उकळ्यांत होतो. रेशीचा असतो काढा. अळिंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य. आपण जिच्यासाठी एवढा खटाटोप करतो ती बीटा-ग्लुकन नावाची शर्करासाखळी त्या भिंतीत विणलेली असते. ती सुटायला गरम पाणी आणि भरपूर वेळ लागतो. मी स्वतः २०११ च्या सुमारास पहिल्यांदा रेशी आणली तेव्हा आलं-गवती चहाबरोबर दहा मिनिटं उकळून प्यायले. पिवळसर पाणी झालं, चव लाकडाची. महिनाभर प्यायले आणि ही वस्तू फुकट आहे असं ठरवून डबा माळ्यावर टाकला. वर्षभराने एका जाणत्या अळिंबी उत्पादकाने मला विचारलं, “बाई, तुम्ही हिरडा-बेहडा किती वेळ आटवता?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कठीण द्रव्याचा काढा करायची रीत आम्हाला शिकवलेलीच होती. शारंगधरसंहितेत द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून, मातीच्या भांड्यात आटवून आठवा हिस्सा ठेवायला सांगितलं आहे. सालीला, मुळीला जो नियम आम्ही लावतो तो अळिंबीला लावायचं मला सुचलं नव्हतं.

मात्र ते सोळा पट पाणी एक पल, म्हणजे चार तोळ्यांच्या आसपास औषधाला आहे. आपण एका माणसाला घेतो चार-पाच ग्रॅम. त्याच्या सोळा पट म्हणजे ऐंशी मिली, ते गॅसवर पाच-सात मिनिटांत उडून जाईल आणि भांडं करपेल. म्हणून मी तीन दिवसांचा काढा एकदम करते आणि पाणी जास्त घेते.

पंधरा ग्रॅम वाळलेले काप घ्या. अख्खी अळिंबी आणली असेल तर ती लाकडासारखी टणक असते, सुरी चालत नाही, उलट हात कापतो. तिला आधी दहा मिनिटं वाफ द्या आणि अडकित्त्याने कातरा. सुपारीच्या खांडासारखे जाड तुकडे नकोत, जितके पातळ होतील तितके करा. काप एका पाण्यातून धुऊन दीड लिटर पाण्यात तासभर भिजत घाला आणि त्याच पाण्यात उकळायला ठेवा. पाणी बोअरचं घेऊ नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं, आणि आटवताना क्षारही आटून दाट होतात. काही गावांत फ्लोराइडही असतं. फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणी बरं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. ॲल्युमिनियमचं भगुनं आणि कल्हई नसलेलं तांबं-पितळ नको.

एकदा उकळी आली की आच अगदी बारीक करा. पाण्यावर कडेकडेने बुडबुडे येत राहिले पाहिजेत, खळखळ नको. झाकण अर्धवट ठेवा. दीड ते दोन तास लागतात. पाणी आटून साधारण सहाशे मिली राहिलं, रंग कोऱ्या चहासारखा गडद लालसर झाला आणि जिभेवर कडूपणा जाणवला की उतरवा. कडू लागलंच पाहिजे. तो कडूपणा ट्रायटर्पीन नावाच्या द्रव्यांचा आहे, आणि तो अजिबात नसेल तर काप जुने, निकस किंवा दुसऱ्याच जातीचे असण्याचा संशय घ्यावा. फडक्यातून गाळा, पिळून घ्या. हे तीन दिवसांचं झालं. रोज दोनशे मिली, सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं, जेवणानंतर. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. बाहेर ठेवाल तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच आंबतो, आणि लाइट जास्त वेळ गेली असेल तर फ्रीजमधलाही वास घेऊनच प्या. उरलेला चोथा फेकू नका. त्याला पाऊण लिटर पाण्यात पुन्हा तासभर उकळला की फिका, पण उपयोगी काढा निघतो. तो मी वरणाच्या पाण्यात घालते.

गॅस महाग आहे, दोन तास कोण जाळणार, हे मला सगळ्याजणी विचारतात. कुकर चालतो. बीटा-ग्लुकन उष्णतेने बिघडत नाही, आणि कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर तापत असल्यामुळे वेळ वाचतो. काप भिजवून, पाणी लिटरभरच घ्या, कारण कुकरमध्ये ते आटत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या, मग झाकण काढून थोडं आटवा. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांना तर याची चिंताच नाही. भाकरी झाल्यावर उरलेल्या इंगळावर मातीचं गाडगं ठेवून द्यायचं. माझ्या मते सगळ्यात चांगला काढा तोच होतो.

मात्रा किती? चिनी औषधसंहितेत रोजची सहा ते बारा ग्रॅम दिली आहे. मी इतकी कधी सांगत नाही. पहिला आठवडा दोन ग्रॅम, मग मानवलं तर चार-पाच. तोंडाला कोरड पडणं, पोट बिघडणं, अंगाला खाज येणं, यातलं काही झालं तर बंद. सलग दोन महिने घेतलं की महिनाभर थांबायचं, ही माझी स्वतःची शिस्त आहे. कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल, दात काढायचा असेल तरी, दोन आठवडे आधी थांबा आणि डॉक्टरांना तसं सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना देऊ नये. अवयव बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू आहेत त्यांना तर मुळीच नाही.

कडूपणा मारायला लोक दोन गोष्टी घालतात आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी पडतात. शुगरवाल्यांच्या काढ्यात गूळ जातो, कारण गूळ म्हणजे साखर नव्हे अशी समजूत. आणि बीपीवाल्यांच्या काढ्यात ज्येष्ठमध. ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढवतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटवतो. सुंठेचा तुकडा, चार मिरी, दालचिनी चालेल. आलं, तुळस किंवा गवती चहा घालायचा तर शेवटच्या पाच मिनिटांत. दोन तास उकळलेल्या तुळशीला काही वास राहत नाही.

रेशीची भुकटी चमच्याने गरम पाण्यात टाकून पिण्याचा प्रकार हल्ली वाढला आहे. मी त्याच्या विरोधात आहे. न शिजवलेलं कायटिन पोटाला जड जातं, हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. रेशीच्या भुकटीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. थायलंडमधल्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत रुग्ण दगावला. अशा घटना विरळ आहेत, पण ज्याला कावीळ होऊन गेली आहे, दारूने यकृत खराब झालं आहे किंवा क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत, त्याने या वाटेला जाऊच नये.

बाकीच्या अळिंब्यांचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकीला रेशीसारखं दोन तास उकळायचं नसतं. नारिंगी रंगाच्या काड्यांचं कॉर्डिसेप्स मिळतं ते कॉर्डिसेप्स मिलिटारिस. ब्राऊन राईसवर एसीच्या खोलीत वाढवतात, आपल्याकडेही काही तरुण मुलं करू लागली आहेत. उत्तराखंडात पिथोरागडच्या वरच्या कुरणांत अळीच्या अंगातून उगवणारी कीडाजडी ती ही नव्हे. कीडाजडीचं नाव आणि तिचा लाखातला भाव सांगून ही विकत असतील तर फसवणूक समजा. या नारिंगी काड्यांमधलं कॉर्डिसेपिन हे द्रव्य पाण्यात सहज उतरतं. एक ग्रॅम काड्या, दोन कप पाणी, बारीक आचेवर पंधरा-वीस मिनिटं, आणि काड्या चावून खायच्या. सकाळीच घ्या, रात्री घेतल्यावर झोप लागत नाही अशी तक्रार मी काही जणांकडून ऐकली आहे.

लायन्स मेन ही पांढरी, दाढीसारखी. स्मरणशक्तीसाठी जपानमध्ये २००९ साली एक छोटी चाचणी झाली, विसराळूपणाची सुरुवात झालेल्या तीस जणांवर. सोळा आठवडे भुकटीच्या गोळ्या दिल्या. घेणाऱ्यांचे गुण सुधारले, आणि बंद केल्यावर सुधारणा ओसरली. आशा वाटण्याजोगं आहे, पण तीसच माणसं. शिवाय हिच्यातली हेरिसेनोन ही द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे चहा करून अर्धी गोष्ट चोथ्यातच राहते. तिची भाजी करा, तुपावर परतून.

शिताके वाळलेली मिळते. रात्रभर भिजवून, पंधरा-वीस मिनिटं चांगली शिजवून तिचं पाणी सारासारखं प्यावं. अर्धवट शिजलेली खाल्ली तर काही जणांच्या पाठीवर-पोटावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात, जपानमध्ये त्याचं वर्णन १९७७ सालीच झालं आहे. टर्की टेल ही पातळ, पट्ट्यापट्ट्यांची. तिला रेशीसारखाच काढा, तासभर. तिच्यापासून काढलेल्या पीएसके या औषधाला जपानने १९७७ मध्ये कॅन्सरच्या उपचारांना जोड म्हणून मान्यता दिली होती. ते शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, केमोसोबत. त्याचा दाखला देऊन कुणी तुम्हाला घरच्या काढ्यावर केमो थांबवायला सांगितलं तर त्या माणसाला उंबरठ्याच्या आत घेऊ नका. रेशीबद्दलही कॅन्सरच्या बाबतीत कॉक्रेनचा आढावा आहे. मुख्य उपचार म्हणून वापरायला पुरेसा पुरावा नाही, असंच त्यात म्हटलं आहे.

आणि चागा. थंड देशांतल्या भूर्जावर येणारा, कोळशासारखा काळा. हा ऑनलाइन मागवून आपल्या भागातली माणसं पितात याची मला खरोखर काळजी वाटते. त्यात ऑक्झलेट, म्हणजे बहुतेक मुतखडे ज्याचे बनतात ते द्रव्य, भरपूर असतं. जपानमध्ये रोज चागाची भुकटी घेणाऱ्या एका बाईंची मूत्रपिंडं ऑक्झलेट साठून निकामी झाली, असा अहवाल २०१४ मध्ये आला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मुतखड्याचे पेशंट किती येतात, हे कुठल्याही दवाखान्यात विचारा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाने चागा पिऊ नये.

आयुर्वेदाचा शिक्का मारून हे विकतात म्हणून एक स्पष्टीकरण मला द्यावंच लागेल. आपल्या ग्रंथांत अळिंबी आहे. सुश्रुतसंहितेत पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीवरची असे प्रकार सांगितले आहेत. चरकसंहितेत सर्पच्छत्रक वगळून बाकीच्या छत्रजाती थंड, गोड, पचायला जड आणि पडसं करणाऱ्या म्हटल्या आहेत. म्हणजे आहारातली भाजी म्हणून त्यांचा विचार केला आहे, तोही सावधपणे. रेशीला औषधात मानाचं स्थान दिलं ते चिनी वैद्यकाने. लोकवैद्यकात महाराष्ट्रात एक अळिंबी मात्र खरंच औषधात होती, फणसांबा. फणसाच्या खोडावर येणारी, लाकडासारखी कडक. लहान मुलांची लाळ फार गळत असेल, तोंड आलं असेल तर ती सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानांत अजून मिळते. पण ती लावायची वस्तू आहे, पेलाभर काढा करून प्यायची नव्हे.

विकत घेताना भुकटी किंवा कॅप्सूलपेक्षा काप घ्या. काप डोळ्यांना दिसतात, भुकटीत काय आहे ते दिसत नाही. पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर हवा, आणि विक्रेत्याकडे जड धातूंच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. भुकटी आधीच घरात आलेली असेल तर एक सोपी परीक्षा करा. पुष्कळ भुकट्या अळिंबीच्या नसतात, धान्यावर वाढवलेल्या बुरशीचं जाळं धान्यासकट दळलेलं असतं. चमचाभर भुकटी पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, पांढऱ्या बशीत थोडी घेऊन पाण्याने पातळ करा आणि जखमेला लावतात त्या पोव्हिडोन आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं-काळं झालं तर त्यात धान्याचं पीठ आहे. गरम असताना करू नका, रंग चढत नाही. चेन मार्केटिंगमधून येणाऱ्या गॅनोडर्मा कॉफीच्या पुड्यांबद्दल मला वारंवार विचारतात. पुडीच्या मागच्या बाजूला साखर आणि दूधपावडर आधी लिहिलेली असेल तर तुम्ही मुख्यतः त्याचेच पैसे देता आहात.

वडिलांना संध्याकाळी काहीतरी गरम, पौष्टिक द्यायची तुमची इच्छा मला कळते. त्यांच्यासाठी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, आणा. आपल्या भागात सोयाबीनच्या भुसावर, गव्हाच्या काडावर ती चांगली येते, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तर सहज. आमच्या बचत गटातल्या बायका छोट्या शेडमध्ये करतात. ताजी धिंगरी चिरून, पापुद्र्यांची बाजू वर करून सकाळी दहा ते दुपारी तीन असं दोन दिवस कडक उन्हात वाळवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यातल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याचं ड जीवनसत्त्व बनतं. ते तेला-तुपात विरघळणारं असल्यामुळे नुसत्या पाण्यात उतरत नाही, म्हणून चोथा टाकायचा नाही. मूठभर वाळलेली धिंगरी, लसूण, जिरं, मिरी, चमचाभर तेलाची फोडणी, मीठ अगदी बेताचं, आणि मुगाच्या कढणासारखं पातळ सार. जेवणातला पदार्थ म्हणून आठवड्यातून तीन-चारदा द्या, आणि पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा सांगून ठेवा. गोळ्या एकही दिवस चुकवू नका.

शेवटी तुमच्या लिंबाबद्दल, हे तुम्ही विचारलेलं नाही. जिवंत झाडाच्या बुडाशी गॅनोडर्मा येते तेव्हा ती आत मुळं आणि खोडाचा गाभा कुजवत असते. वरून पाला हिरवागार दिसतो. खोडावर लाकडी दांड्याने ठोकून पाहा. पोकळ, बद्द आवाज आला तर झाड आतून गेलेलं आहे. अळिंबी तोडून टाकल्याने कूज थांबत नाही, ती फक्त बाहेर आलेलं फळ असते. असं झाड वादळात बुडातून उन्मळतं. गोठा त्याच्या लगत आहे म्हणता, तर परतीच्या पावसाचे वारे सुटायच्या आत जनावरं दुसरीकडे बांधा आणि वडिलांची बाज त्या सावलीतून हलवा.